मिरे गावची किरण आणि आमची ओस पडलेली मैदाने

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नागपूरला महाराष्ट्राच्या महिला संघाचा पंजाबशी टी-ट्वेंटी सामना होता. पंजाबने ११० धावा केल्या. महाराष्ट्राच्या किरण नवगिरे हिने ३४ चेंडूंत शतक ठोकले, ३५ चेंडूंत नाबाद १०६ धावा काढल्या आणि आठ षटकांत सामना निकालात निघाला. महिलांच्या टी-ट्वेंटी क्रिकेटमधले त्या दिवसापर्यंतचे ते जगातले सर्वात वेगवान शतक होते. आधीचा विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा. तिने २०२१ साली ३६ चेंडूंत शतक केले होते. पुढे पंधरा-सोळा दिवसांनी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. देश आनंदात न्हाऊन निघाला आणि ते रास्तच होते. पण त्या जल्लोषात नागपूरच्या शतकाची बातमी मागे पडली. किरण त्या विश्वविजेत्या संघात नव्हती.

किरण आमच्या सोलापूर जिल्ह्याची. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावच्या शेतकरी कुटुंबात, १८ सप्टेंबर १९९४ रोजी तिचा जन्म झाला. म्हणजे विक्रम केला तेव्हा तिचे वय एकतीस वर्षे होते. आमच्याकडे एकतिसाव्या वर्षी मुलीच्या पदरात दोन लेकरे असतात आणि 'खेळायचे दिवस गेले' असे तिला सांगण्याचा अधिकार गावातल्या प्रत्येकाला असतो. त्या वयात ही मुलगी जगाचा विक्रम मोडते. हे कसे घडले, याचा विचार आमच्या समाजाने केला पाहिजे असे आम्हाला वाटते. प्रस्थापित वर्तमानपत्रांनी 'चमत्कार' म्हणून चौकट छापली आणि विषय संपवला. चमत्कार म्हटले की विचार करण्याची गरज उरत नाही. तथागताच्या वाटेने जाणाऱ्यांचा चमत्कारावर विश्वास नसतो. आम्ही कारण शोधतो.

कारण शोधायला बसले की पहिली गोष्ट दिसते ती ही की किरण मुळात क्रिकेटपटू म्हणून घडलेली नाही. लहानपणी भावांबरोबर आणि गावच्या पोरांबरोबर ती खेळली असेल-नसेल तेवढेच. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर धोनीने षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला, तेव्हापासून तसेच षटकार मारायचे तिने मनात धरले, असे तिने पुढे सांगितले आहे. पण मनात धरणे वेगळे आणि संधी मिळणे वेगळे. खेड्यातल्या मुलीसाठी चामडी चेंडूचे क्रिकेट म्हणजे चंद्रावरची गोष्ट. बॅट, पॅड, हातमोजे, हेल्मेट, नेटचा सराव, प्रशिक्षकाची फी. हा सगळा खर्च शेतकऱ्याच्या वर्षाच्या हिशेबात कुठेच बसत नाही. म्हणून ती महाविद्यालयात जे उपलब्ध होते ते खेळली. भाला फेकला, गोळा फेकला, रिलेमध्ये धावली. पुणे विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धांमध्ये तिने पदके मिळवली. खरे क्रिकेट तिच्या हाती आले ते महाविद्यालयात आणि विद्यापीठाच्या संघात, ज्या वयात शहरातल्या मुली दहा-दहा वर्षांचा सराव पाठीशी घेऊन राज्याच्या संघात बसलेल्या असतात त्या वयात.

पुण्यातल्या आझम कॅम्पसने तिला जागा दिली हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. मुस्लिम समाजाच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही शिक्षणसंस्था. सोलापूरच्या खेड्यातली एक मुलगी तिथल्या मैदानावर सराव करते, तिथले क्रीडाशिक्षक तिच्या मनगटातली ताकद ओळखतात आणि तिला क्रिकेटमध्ये आणतात. ज्यांना दिवसरात्र हिंदू-मुसलमान करायचे असते त्यांनी ही गोष्ट एकदा वाचावी. या मुलीला पुढे आणले ते कुठल्या अस्मितेने नव्हे. एका संस्थेचे उघडे फाटक आणि डोळे उघडे असलेला एक शिक्षक एवढ्यावर ते काम झाले.

पुढचा टप्पा तर आणखी विचार करायला लावणारा आहे. महाराष्ट्रात नावाजलेल्या खेळाडूंची रांग लांब. उशिरा आलेल्या मुलीला त्या रांगेत किती दिवस उभे ठेवायचे याला काही नियम नसतो. किरणने वाट बदलली आणि ती पाहुणी खेळाडू म्हणून नागालँडच्या संघाकडून खेळायला गेली. नागालँड म्हणजे कोणता संघ? २०१७ साली ज्या राज्याच्या १९ वर्षांखालील मुलींचा संघ केरळविरुद्ध अवघ्या दोन धावांत बाद झाला आणि सगळ्या देशाने ज्याची टिंगल केली, ते राज्य. ज्या संघाची लोक चेष्टा करत होते, त्या संघाने माळशिरस तालुक्यातल्या मुलीला दार उघडले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच नागालँडकडून खेळताना तिने अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. टी-ट्वेंटीमध्ये दीडशेच्या पुढे जाणारी ती पहिली भारतीय ठरली. त्या स्पर्धेत ५२५ धावा करून ती सर्वांच्या पुढे राहिली. मे महिन्यात पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर, महिलांच्या टी-ट्वेंटी चॅलेंज स्पर्धेत तिने ३४ चेंडूंत ६९ धावा झोडपल्या. त्यातले अर्धशतक पंचवीस चेंडूंतले. सप्टेंबर २०२२ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर ती भारताकडून खेळली. नागालँडकडून खेळून भारताच्या संघात पोचलेली ती पहिली खेळाडू.

इथपर्यंतची गोष्ट सांगून भाषण संपवणारे पुष्कळ असतात. आमच्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. कारण भारताच्या संघात किरण टिकली नाही. इंग्लंडचा दौरा झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बांगलादेशात सिल्हेटला आशिया चषक झाला, भारताने तो जिंकला, पण किरणच्या बॅटमधून मोठी खेळी झाली नाही. आंतरराष्ट्रीय गोलंदाज दुबळी जागा हेरतात आणि तिथेच मारा करतात. लहानपणापासून प्रशिक्षण मिळालेल्या मुलीच्या दुबळ्या जागा बाराव्या-तेराव्या वर्षी सापडतात आणि बुजवल्या जातात. उशिरा आलेल्या मुलीच्या दुबळ्या जागा साऱ्या जगासमोर, टीव्हीवर सापडतात. हा तिचा दोष नव्हे. तिला उशिरा संधी देणाऱ्या व्यवस्थेचे ते देणे आहे, आणि ते फेडावे मात्र तिला लागते. आमच्या समाजातल्या पहिल्या पिढीच्या प्रत्येक शिकलेल्या मुला-मुलीला हा अनुभव ओळखीचा आहे. मराठी शाळेतून आलेला मुलगा वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षी इंग्रजीत अडखळतो आणि मागे बसलेले हसतात. त्याच्या बुद्धीत कमी नसते. त्याच्या वाट्याला आलेल्या वर्षांमध्ये कमी असते.

प्रश्न असा की अशा वेळी माणूस काय करतो? काही जण खचतात. काही जण जन्मभर कुरकुरत राहतात. किरण परत आली आणि खेळत राहिली. ५ मार्च २०२३ रोजी महिलांच्या प्रीमियर लीगमध्ये यूपी वॉरियर्सचा पहिलाच सामना गुजरातशी होता. १७० धावा करायच्या होत्या आणि २० धावांत तीन गडी बाद झाले होते. त्या घडीला किरणने ४३ चेंडूंत ५३ धावा केल्या. तिच्या बॅटवर कंपनीचे नाव नव्हते. 'एमएसडी ०७' असे हाताने लिहिलेले होते. पुढे ग्रेस हॅरिसने सामना जिंकून दिला आणि मथळे तिच्या नावाचे झाले. पण आम्हाला विचाराल तर ७६ चेंडूंतल्या १६२ धावांपेक्षा या ४३ चेंडूंतल्या ५३ धावा मोठ्या. १६२ मध्ये ताकद दिसते. ५३ मध्ये शहाणपण दिसते. षटकार मारता येत असताना तो न मारता टिकून राहणे, दुसऱ्या टोकाच्या जोडीदाराला धीर देणे, घर पडत असताना एक खांब धरून ठेवणे, यालाच पक्वता म्हणतात.

त्यानंतर २०२४ साली मुंबई इंडियन्सविरुद्ध तिला सलामीला पाठवले. ती तिची नेहमीची जागा नव्हती. तिने ३१ चेंडूंत ५७ धावा केल्या आणि यूपीने सामना जिंकला. २०२५ साली दिल्लीविरुद्ध २७ चेंडूंत ५१. आणि मग ऑक्टोबरमध्ये नागपूरचा विक्रम, तोही महाराष्ट्राच्या संघाकडून. ज्या राज्यातून ती वाट शोधत नागालँडला गेली होती, त्याच राज्यासाठी. कुणाला टोमणा नाही, कुणावर राग नाही. काम करून दाखवले आणि विषय संपवला. भाल्याच्या पहिल्या फेकीपासून या शतकापर्यंतचा काळ दहा वर्षांच्या आसपासचा आहे. खेळाडू असा घडतो. त्याला वेळ द्यावा लागतो, पडायला जागा द्यावी लागते आणि पडल्यावर परत यायला दार उघडे ठेवावे लागते.

किरणची जात कोणती, हे शोधायला आम्ही निघालेलो नाही. कुणी विचारलेच तर त्याला विचारावे की ३४ चेंडूंत शतक कुठल्या जातीत बसते. पण 'मैदानावर जात नसते' असे जे ठोकून सांगतात, त्यांना इतिहासाची आठवण करून द्यावीच लागते. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या मैदानावर राबणारा, नेटमध्ये त्यांना गोलंदाजी टाकणारा पळवणकर बाळू हा चर्मकार समाजाचा तरुण भारताचा सर्वश्रेष्ठ फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. त्याने घेतलेले बळी हिंदू संघाला चालत होते, पण चहाच्या वेळी त्याला वेगळ्या भांड्यात, तंबूच्या बाहेर चहा मिळत होता. सगळ्यांत ज्येष्ठ, सगळ्यांत अनुभवी असूनही त्याला हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद दिले गेले नाही. १९२० साली त्याच्या भावांनी, विठ्ठल आणि शिवराम यांनी, या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतले तेव्हा कुठे जिमखान्याच्या कारभाऱ्यांना जाग आली. आणि १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचा कर्णधार झाला. मैदानावरची जात आपोआप गेली नाही. दोन भावांनी पॅड सोडून ठेवले म्हणून ती एक पाऊल मागे सरली.

बाळूचे नाव घेताना आम्ही एक गोष्ट लपवणार नाही. १९३७ च्या निवडणुकीत तो मुंबईत काँग्रेसचा उमेदवार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला. चळवळीतल्या काही मंडळींना म्हणून त्याचे नावच नको वाटते. हे योग्य नाही. बाळूचे राजकारण चुकले असे आम्ही म्हणतो, पण त्याच्या चेंडूची फिरकी खोटी होती असे कोण म्हणेल? एक मात्र त्यातून शिकण्यासारखे आहे. खेळातली पक्वता आणि सामाजिक भान या दोन गोष्टी एकाच झाडाला आपोआप लागत नाहीत. प्रतिभावान खेळाडू प्रस्थापितांच्या पंगतीला जाऊन बसतो तो बहुतेक वेळा एवढ्यासाठी, की त्याच्या उमेदीच्या काळात समाजाकडे त्याला द्यायला काही नव्हते. मैदान त्यांचे, चेंडू त्यांचा, बक्षीस त्यांचे. मग कृतज्ञताही त्यांच्याच वाट्याला जाते. आमच्या मुला-मुलींच्या हातात चेंडू आम्ही दिला असता तर?

आणि आता सोलापूरकडे वळतो. कारण हा प्रश्न बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता आणि त्याचे उत्तर सोलापुरातून सुरू झाले होते, हे आमच्याच लोकांना ठाऊक नाही. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेचे पहिले मोठे काम कोणते? ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सोलापूर नगरपालिकेने त्याला महिना चाळीस रुपये मदत दिली. खेड्यापाड्यांतून आलेल्या अस्पृश्य मुलांची राहण्या-जेवण्याची सोय झाली. जानेवारी २०२५ मध्ये त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली. आमच्यापैकी किती जणांनी तो दिवस साजरा केला, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

पण आम्हाला सांगायचे आहे ते पुढचे. याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि त्याबरोबर महार हॉकी क्लबही काढला. होय, हॉकी क्लब! ज्या समाजाला पाण्याच्या थेंबासाठी झगडायचे होते, ज्याच्या चवदार तळ्याच्या संग्रामाला अजून अवकाश होता, त्या समाजाच्या संघटनेने हॉकीचा क्लब काढला. कशासाठी? तरुण जुगारात, दारूत, रिकामटेकडेपणात वाया जाऊ नयेत म्हणून. वसतिगृह, वाचनालय आणि मैदान या तिन्ही गोष्टी एकाच संघटनेच्या कामात होत्या. बाबासाहेबांना पैशांची चणचण होती, माणसांची चणचण होती, तरी त्यांनी खेळाला चैनीची वस्तू मानले नाही.

आज काय परिस्थिती आहे? वसतिगृह आणि वाचनालय आम्ही लक्षात ठेवले. वाचनालये विहारांत निघाली, अभ्यासिका निघाल्या, स्पर्धा परीक्षांच्या खोल्या रात्रभर उजेडात असतात. हे सारे चांगलेच आहे आणि ते वाढले पाहिजे. पण तिसरी गोष्ट, मैदान, आम्ही वाटेत कुठे टाकून दिली? 'खेळून काय पोट भरणार? आमच्या पोरांनी कलेक्टर व्हावे,' असे चळवळीतले जाणते लोक सांगतात. त्यांचा हेतू वाईट नाही. उपाशी पोटाला पहिली भाकरी लागते हे कोण नाकारील? पण दर वर्षी लाखो मुले परीक्षा देतात आणि जागा काही शेकडाच निघतात. पाच-सहा वर्षे त्याच खोलीत बसून वय निघून गेलेला तरुण शेवटी हाती काय घेऊन बाहेर पडतो? मैदान नोकरीची हमी देत नाही. पण ते हरल्यावर उठायला शिकवते, पाठीचा कणा ताठ ठेवते. शिवाय शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्या आरक्षणावर बनावट प्रमाणपत्रे घेऊन कोण कोण शिरले, याच्या चौकशा झाल्या. आमच्या खऱ्या खेळाडूंनी त्या जागा भरल्या असत्या तर बनावटांना वाव कुठून मिळाला असता?

दुसरी अडचण व्यवस्थेची आहे आणि तिथे शासनाला जाब विचारलाच पाहिजे. विनाअनुदानित महाविद्यालयांचे पीक आले. इमारत उभी राहते, फलक लागतो, प्रवेश होतात. मैदान मात्र नकाशावर असते. शारीरिक शिक्षणाचा संचालक निवृत्त झाला की जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही. मग जिमखान्याची फी कशाची घेतली जाते? शाळेत तर खेळाचा तास हा गणिताच्या सरांना उसना देण्यासाठीच असतो. जिथे मैदान शिल्लक आहे तिथे लग्नाचे मांडव, सभांची व्यासपीठे आणि प्रदर्शनांचे तंबू पडतात, आणि ते उठल्यावर खिळे-काचा मागे राहतात. ज्यांच्या बापाकडे क्लबची फी भरायला पैसा आहे त्यांच्या मुलांचे काही बिघडत नाही. सार्वजनिक मैदान मेले की मरतो तो गरिबाचाच खेळ.

मुलींची अडचण तर आणखी वेगळी. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, ही चांगली योजना आहे. पण सराव असतो संध्याकाळी आणि गावाकडे जाणारी शेवटची गाडी त्याआधीच सुटलेली असते. मग मुलीने करायचे काय? कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृह असेल तर पाणी नाही, पाळीच्या दिवसांत बोलायला महिला शिक्षिका नाही. घरून एकच प्रश्न येतो, अंधार पडल्यावर पोरगी कुठे होती? आई-बापाला मागासलेले म्हणून मोकळे होता येत नाही. त्यांची भीती खरी असते. तिला उत्तर भाषणाने देता येत नाही. मैदानाजवळचे वसतिगृह आणि संध्याकाळची एक एसटी हे तिचे उत्तर आहे. आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती भोजन, निवास आणि निर्वाहासाठी आहे. खेळणाऱ्या मुलीला लागणारा खुराक आणि अभ्यास करणाऱ्या मुलीला लागणारा आहार यांत फरक असतो, हे योजना आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला नको का?

सोलापूरजवळचेच आणखी एक नाव घ्यावे असे वाटते. माळशिरसला लागून असलेल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. खो-खो खेळणारी दुष्काळी पट्ट्यातली मुलगी. ती धावण्याकडे वळली, लांब पल्ल्याच्या शर्यती धावली, मग अडथळ्यांच्या शर्यतीत उतरली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. एक भाल्यावरून क्रिकेटकडे आली, दुसरी खो-खोवरून ऑलिंपिकच्या ट्रॅकवर गेली. दोघींच्या गोष्टीत एक साम्य आहे. गरिबाच्या घरच्या मुलीला पहिल्याच झटक्यात आपला खेळ सापडत नाही. तिला चार खेळ खेळून पाहावे लागतात. चार खेळ खेळून पाहण्याची सोय फक्त शाळा-महाविद्यालयाच्या मैदानावरच असते, कारण तिथे प्रत्येक खेळासाठी वेगळी फी पडत नाही. ते मैदान बंद केले की किती किरण भाल्यापर्यंतसुद्धा पोचणार नाहीत, याचा हिशेब कुणी मांडायचा?

म्हणून शासनाकडे आमचे मागणे साधे आहे. सामाजिक न्याय विभागाच्या प्रत्येक वसतिगृहाला मैदान द्या. जिथे जागा नाही तिथे जवळच्या महाविद्यालयाचे मैदान ठरलेल्या वेळेत वापरण्याचा लेखी हक्क द्या. क्रीडाशिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा. स्वाधार योजनेत विद्यापीठाकडून खेळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जादा आहारभत्ता घाला. सोलापूरला २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. मिरे गावच्या मुलीला आता विद्यापीठाच्या संघातून खेळण्यासाठी पुण्यालाच गेले पाहिजे असे नाही. 'अश्वमेध'च्या मैदानावर आमच्या अकरा तालुक्यांच्या मुली उतरल्या पाहिजेत. त्या उतरतात की नाही, त्यांना बूट मिळतात की नाही, प्रवासभत्ता वेळेवर मिळतो की नाही, हे विद्यार्थी संघटनांनी माहितीच्या अधिकारात विचारावे. फी-वाढीविरुद्ध मोर्चा निघतो तसा मैदानासाठीही निघाला पाहिजे.

पण सगळे शासनावर ढकलून आम्हाला मोकळे होता येणार नाही. सोलापूरची भीमजयंती साऱ्या महाराष्ट्रात गाजते. तो उत्साह आमचा अभिमान आहे. मात्र एका रात्रीच्या डीजेला आणि लेझरच्या झोतांना जेवढे पैसे जातात, तेवढ्यात एका वस्तीतल्या मुलींच्या संघाचे वर्षभराचे बूट, चेंडू, भाले आणि जाण्या-येण्याचा खर्च भागतो. प्रत्येक मंडळाने मिरवणूक बंद करावी असे आम्ही म्हणत नाही. एका मंडळाने एक संघ पोसावा, एवढेच म्हणतो. समाजातले जे शिक्षक, पोलीस, रेल्वे कर्मचारी कधीकाळी कबड्डी, कुस्ती, व्हॉलीबॉल खेळून नोकरीला लागले आणि आता निवृत्त झाले आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना द्याव्यात. बौद्ध विहाराच्या आवारात बास्केटबॉलची एक रिंग, व्हॉलीबॉलची एक जाळी उभी करायला कोणाची परवानगी लागते? बुद्धवंदना आटोपून पोरे-पोरी त्याच आवारात घाम गाळतील तर विहाराचे पावित्र्य कमी होत नाही. उलट विहार रोज उघडा राहील.

आणि शेवटची विनंती आई-बापांना. मुलगी एक सामना हरून आली, निवड झाली नाही म्हणून रडत आली, तर 'पुरे झाले आता खेळ' असे म्हणू नका. एकतिसाव्या वर्षी जगाचा विक्रम करणाऱ्या मुलीला अठ्ठाविसाव्या वर्षी भारताच्या संघात अपयश पाहावे लागले होते. मधली तीन वर्षे तिला मिळाली नसती तर नागपूरचा सामना झालाच नसता. आपल्या लेकीलाही ती तीन वर्षे द्या. तिच्यात काय आहे हे पहिल्या वर्षी कळत नाही, तिलाही नाही आणि तुम्हालाही नाही. शंभर वर्षांपूर्वी सोलापूरच्या वसतिगृहात पहिली मुले आली तेव्हा त्यांच्यातून कोण निघणार हे बाबासाहेबांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी आधी दार उघडले, छप्पर दिले, ताटात भाकरी वाढली आणि मुंबईच्या पोरांच्या हातात हॉकीची काठी दिली. त्यातली काठी तेवढी आमच्या हातून निसटली आहे. ती उचलण्याची वेळ आली आहे.

जय भीम!